कांसवाचा त्रिकोण

शाळेंत प्रकल्पाची तारीख जवळ आली, कीं शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत एक परिचित देखावा दिसूं लागतो. मूल झोपीं जातें आणि आईवडील कात्री, डिंक व रंगीत कागद घेऊन बसतात. घरीं संगणक आल्यापासून तर हें काम अधिकच सुलभ झालें आहे. चित्र एके ठिकाणचें, मजकूर दुसऱ्या ठिकाणचा. छापून काढावा आणि वर मुलाचें नांव घालावें. प्रकल्प देखणा होतो, गुणहि मिळतात. परंतु तो कोणाचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

संगणकामुळें मुलाची बुद्धि आळसावते, हा आक्षेप येथूनच निघतो. तो सर्वस्वीं खोटा नव्हे. पण ज्या यंत्रानें तयार वस्तु उचलतां येते, त्याच यंत्रावर मुलास स्वतः कांहीं घडवितांहि येतें.

या दुसऱ्या बाजूचा विचार ज्यांनीं प्रथम नेटानें केला, त्यांत सीमोर पॅपर्ट यांचें नांव अग्रगण्य आहे. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेल्या या गणितज्ञानें जिनीव्हा येथें झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासांत कांहीं वर्षें काढलीं. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंत वॅली फॉयर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनीं ‘लोगो’ ही मुलांना पेलेल अशी संगणकाची भाषा रचली. तिच्या जोडीला मग एक ‘कांसव’ आलें. आज्ञा मिळतांच तें चालतें, वळतें आणि मागें रेघ ओढीत जातें. याच परंपरेंतील ‘स्क्रॅच’ हें साधन एम. आय. टी. या अमेरिकन संस्थेंत मिचेल रेझ्निक व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलें आणि २००७ सालीं तें सर्वांस खुलें झालें. त्यास दाम पडत नाहीं. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे, एवढीच त्याची रीत.

समजा, एका विद्यार्थ्यानें चौरस काढला: शंभर पावलें चाल, ९० अंश वळ, असें चार वेळां. आतां त्यास समभुज त्रिकोण हवा आहे. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हें त्याला पाठ आहे. म्हणून तो ६० अंशांची आज्ञा तीन वेळां देतो. आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजीं अर्धा षट्कोन उभा राहतो! पुस्तक बरोबर, यंत्रानें आज्ञाहि पाळली. मग चुकलें कोठें? येथें पॅपर्ट यांचा उपदेश असा कीं, मुलानें स्वतःच कांसव व्हावें. तो जमिनीवर चालून पाहतो. कोपऱ्यावर आपण आंतल्या कोनाइतके नव्हे, तर बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश वळतों, हें त्याच्या पायांना प्रथम कळतें. तीन वेळां १२० म्हणजे ३६०. चार वेळां ९० म्हणजेहि ३६०. मग पंचकोनास ७२ लागणार, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. यंत्र रागावत नाहीं. केलेली चूक तेवढी डोळ्यांपुढें ठेवतें.

हीच रीत इतर विषयांनाहि लागू पडते. जलचक्र हलतें दाखवितां येतें. आजीच्या तोंडची गोष्ट मुलाच्या आवाजांत नोंदवून तिला चित्रांची जोड देतां येते. प्रत्येकास स्वतंत्र संगणक हवाच असें नाहीं. आधीं कागदावर आराखडा, मग दोघांनीं मिळून एक यंत्र, आणि ठराविक वेळानें कामाची अदलाबदल, एवढें पुरे. स्क्रॅच एकदां उतरवून घेतलें, कीं इंटरनेटवांचूनहि चालतें.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिकपूर्व टप्प्यांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, अशा आज्ञालेखनास स्थान दिलें आहे. परंतु आतां विचारतांच सबंध निबंध वा चित्र तयार करून देणारीं यंत्रेंहि घरोघर पोंचलीं आहेत. अशा वेळीं केवळ देखणेपणावर गुण देणारा शिक्षक मुलाची नव्हे, यंत्राची परीक्षा घेत असतो. त्यानें विचारावें: तुझें काम कोठें अडलें? तेव्हां तूं काय बदललेंस? ज्यानें स्वतः केलें, त्याला उत्तर शोधावें लागत नाहीं.

आईबापांचें काम मात्र याहून अवघड आहे. मुलाचा त्रिकोण उघडा राहिलेला दिसत असतां, तो मिटवून देण्यासाठीं पुढें झालेला हात त्यांनीं मागें घ्यावयाचा आहे.