स्टिअरिंग जड झालंय, पण कुठे?

आज बोलायचंय आपल्या गटाच्या ट्रॅक्टरबद्दल.

सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना २०१२ सालची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि सोबतची अवजारं, साडेतीन लाखांपर्यंत. ९० टक्के अनुदान, १० टक्के गटाचे. त्या पस्तीस हजारांसाठी किती महिने बचत साठवावी लागते, ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या वर्षांत आलेले ते ट्रॅक्टर आता जुने झालेत, आणि बैठकीत एकच वाक्य कानावर येतं, "ताई, स्टिअरिंग लई जड जातं. बायांना जमत नाही, आता भावजीच चालवतात."

मग हळूहळू डिझेलची वहीही भावजींकडे जाते. भाड्याचे पैसेही तिकडेच. ट्रॅक्टर गटाच्या नावावर आणि उभा दुसऱ्याच्या अंगणात. म्हणून सांगते, ट्रॅक्टर नवा होता तेव्हा याच हातांनी वळत होता. दुखणं ट्रॅक्टरचं आहे, हाताचं नाही.

गॅरेजवाला आला की पटकन म्हणतो, स्टिअरिंग बॉक्स बदलावा लागेल. ते खर्चाचं काम आहे. त्याआधी दुखणं कुठे आहे ते आपण शोधू शकतो. आपल्यातल्या कितीतरी जणी चाकण एमआयडीसीत कंपनीत जातात, दिवसभर नट-बोल्ट कसतात. त्यांना हे अवघड नाही.

आधी फुकटची गोष्ट. पुढच्या दोन्ही टायरची हवा बघा. हवा कमी असेल तर टायर जमिनीला जास्त चिकटतो आणि स्टिअरिंग जड होतं. किती हवा हवी ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. दोन्हीकडे सारखीच हवी. आणि ट्रॅक्टर जागेवर उभा असताना स्टिअरिंग ओढून जड आहे का ते ठरवू नका, उभ्या गाडीचं जडच लागतं. हळू चालवत बघा.

हवा बरोबर असूनही जड असेल तर पुढचा भाग उचलायचा. हे काम सपाट, टणक जागेवर करायचं. इंजिन बंद, चावी खिशात, ब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी गुटके. पुढच्या ॲक्सलखाली जॅक लावा आणि उचलल्यावर त्याखाली भक्कम ओंडके ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा नाही. लेकरं लांब.

आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हवेतही जड आहे? मग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा एका टोकाला सोडवायचा. हे मिस्त्रीकडून करून घेतलं तरी चालेल, पण आपण शेजारी उभं राहायचं. दांडा सुटल्यावर स्टिअरिंग हलकं फिरलं, तर बॉक्स चांगला आहे. दोष पुढे चाकाकडे. दांडा सोडूनही जडच राहिलं, तर दोष बॉक्समध्ये किंवा वरच्या नळीत. एवढ्या एका परीक्षेवर गटाचे हजारो रुपये वाचू शकतात.

चाकाकडचा दोष असेल तर बहुतेक वेळा ग्रीसचा असतो. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिला किंगपिन म्हणतात. तिथे ग्रीस भरायला निप्पल असतं. चिखलात काम झालं, मग प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतला, की ग्रीस निघून जातं आणि आत पाणी बसतं. गंज धरतो. ट्रॅक्टर चकाचक दिसतो खरा! ग्रीसगनने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा, चाक डावी-उजवीकडे वळवत. ग्रीस आत जातच नसेल तर निप्पल बुजलंय. ते काढून रॉकेल-डिझेलमध्ये साफ करा, नाहीतर नवं टाका.

हवेत हलकं पण जमिनीवर जड, असंही होतं. तेव्हा टायरची हवा पुन्हा बघा, आणि किंगपिनवरचं वजन पेलणारी बेअरिंग तपासायला सांगा. बेअरिंग खराब निघाली तर तिच्या कड्यावरचा नंबर वहीत लिहून घ्या. तो नंबर सांगितला की चाकण-भोसरीच्या बेअरिंगच्या दुकानात तीच मागता येते. पुढचा टायर एकाच कडेने झिजत असेल तर दोन चाकांना जोडणारा दांडा बांधाला धडकून वाकलाय का ते बघा.

बॉक्समध्ये दोष असेल तर आधी तेलाची पातळी. तेल कमी असेल तर सील गळतंय का बघा. आणखी एक खूण सांगते. सरळ चालताना मध्ये जड आणि कडेला वळवल्यावर हलकं लागत असेल, तर कुणीतरी स्टिअरिंगचा ढिलेपणा घालवायला बॉक्सचा स्क्रू जास्त कसलेला असतो. तो जाणकाराने बसवावा. थोडा ढिलेपणा असतोच. तो पूर्ण घालवायच्या नादात बॉक्सचे दात झिजतात.

एक गट अशी वही ठेवतो, मला फार आवडली. तारीख, ग्रीस कुणी भरलं, टायरची हवा, किती तास काम. मिस्त्रीपुढे वही टाकली की तो नीट बोलतो.

आणि दांडा सोडवला असेल तर परत जोडताना नटाची स्प्लिट पिन नवीच घाला, जुनी वाकवून पुन्हा वापरू नका. पिन तुटून दांडा सुटला तर स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाकं ऐकत नाहीत. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत ट्रॅक्टर न्यायच्या आधी, पिन लावलेली आहे हे दोघींनी डोळ्यांनी बघायचं आणि वहीत दोघींनी सही करायची.