अजर, अमर आणि पुरेसे आयुष्य



वराच्या नावाआधी ‘चि.’ आणि वधूच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ छापल्यावाचून मराठी लग्नपत्रिका पुरी होत नाही. हा आशीर्वाद देणारा आणि घेणारा, दोघेही त्याचा शब्दशः अर्थ घेत नाहीत. आजचे विज्ञान मात्र तो शब्दशः घेऊ पाहत आहे. तंत्रज्ञानाच्या बळावर मनुष्य खरोखर चिरंजीव होईल काय, हा प्रश्न आता पुराणांपुरता उरलेला नाही. प्रयोगशाळांतून त्यावर अमाप पैसा खर्च होत आहे.

माळव्या-निमाडच्या लोकांना चिरंजीव पुरुष ठाऊक आहे. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर आणि नर्मदेच्या काठी अश्वत्थामा कपाळीची भळभळती जखम घेऊन हिंडतो व तेल मागतो, अशी लोकश्रद्धा आहे. त्याचे दीर्घायुष्य हे वरदान नव्हे, तो शाप आहे. दुसरी कथा चांगदेवांची. योगबळाने ते चौदाशे वर्षे जगले असे परंपरा सांगते. परंतु ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले तेव्हा मायना काय घालावा हे न सुचून कागद कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली. ती लिहिणाऱ्या ज्ञानदेवांनी इ. स. १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस होते. आयुष्याची लांबी आणि आयुष्याचे मोल यांतले अंतर मराठी मनाने असे फार पूर्वीच ओळखले होते.

विज्ञानाकडे वळताना आपल्या भाषेतील ‘अजरामर’ हा शब्द फोडून पाहणे उपयोगी ठरेल. अजर म्हणजे ज्याला जरा, म्हातारपण, नाही. अमर म्हणजे ज्याला मरण नाही. या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि बरेचसे वाद त्या एक मानल्याने होतात.

म्हातारपणाच्या कारणांचा काही उलगडा झाला आहे. मनुष्यदेहातील सामान्य पेशी सुमारे चाळीस ते साठ वेळा विभागतात व मग थांबतात, असे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखविले. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेली ‘टेलोमिअर’ नावाची आवरणे प्रत्येक विभागणीत झिजतात, हे त्याचे एक कारण. ती झीज भरून काढणारे विकर १९८० च्या दशकात सापडले आणि २००९ मध्ये त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. मग तेच विकर सर्व पेशींना का पुरवू नये? कारण बहुतेक कर्करोगाच्या पेशी नेमक्या त्याच विकराच्या आधाराने अनिर्बंध वाढतात. पेशीला थांबणे माहीत असणे, हे देहाच्या रक्षणाचेही साधन आहे. पुढे शिन्या यामानाका यांनी २००६ साली प्रौढ पेशीला पुन्हा आरंभीच्या अवस्थेत नेण्याची रीत शोधली. त्या वाटेने वार्धक्य लांबविण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते निष्फळच ठरतील असे कोणी म्हणू नये. तथापि १९९७ मध्ये निवर्तलेल्या झान काल्मां या फ्रेंच बाईंची १२२ वर्षांची नोंद अद्याप कोणीही ओलांडलेली नाही.

समजा, जरा जिंकली. तरी अपघात, साथी, महापूर आणि युद्धे राहतातच. दरवर्षीचा धोका कितीही अल्प असला तरी अनंत वर्षांच्या हिशेबात तो कधीतरी गाठणारच. तात्पर्य, विज्ञान मनुष्याला काही अंशी अजर करू शकेल. अमर करणे त्याच्या आवाक्यातले नाही.

मन संगणकात उतरवून ठेवावे, असाही एक विचार मांडला जातो. ग्रंथालयाच्या सभासदांना त्यातली मेख चटकन कळेल. पोथीची हुबेहूब नक्कल केली आणि मूळ प्रत जळाली, तर ग्रंथ वाचला असे आपण म्हणतो, कारण ग्रंथ म्हणजे मजकूर. माणसाची नक्कल झाली आणि माणूस गेला, तर आप्तांना सोबत मिळेल. पण जो गेला तो गेलाच.

मग आयुष्य वाढले ते कशाने? याचे उत्तर इंदूरच्याच इतिहासात आहे. प्लेगने गांजलेल्या या शहरासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्याने दिवाळीत मिरवणूक काढविली. तीत प्लेगचा राक्षस आणि त्याच्यासोबत उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. ज्या रस्त्यांवरील रहिवासी घरेदारे अधिक स्वच्छ करतील तिकडून मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच गाड्यांवारी कचरा शहराबाहेर गेला. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. ही वाढ अमृताने झाली नाही. लस, शुद्ध पाणी, गटारे, सुईणीच्या जागी आलेली प्रशिक्षित परिचारिका आणि प्रतिजैविके यांनी ती घडविली. शिवाय ही कामे एकदा करून संपत नाहीत. पाण्याच्या नळाची आणि गटाराची निगा रोज राखावी लागते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मूठभर धनवंतांना दोनशे वर्षे मिळावीत, की झोपडीतल्या बालकाला सत्तर? खर्चाची दिशा ठरविताना समाजाला याचे उत्तर द्यावे लागेल. आणि कोणीच जागा सोडली नाही तर नव्यांनी यावे कोठे? आपल्याकडे ‘आजीव सभासद’ असतात. ते खरोखरच अमर झाले, तर त्यांच्या वर्गणीचा हिशेब कोणत्याही कोषाध्यक्षाला जमणार नाही! विनोद सोडला, तरी वाचकाने नेलेले पुस्तक परत आले नाही तर पुढचा वाचक ताटकळतो, हा प्रत्येक ग्रंथपालाचा अनुभव आहे.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुरी केली. ज्यांनी त्याचा पाया घातला ते आज नाहीत. त्यांच्या खुर्च्यांवर पुढे दुसरे बसले, त्यांनी नवी पुस्तके आणली, जुनी पुन्हा बांधून घेतली, आणि म्हणून संस्था टिकली. दुसऱ्या शतकासाठी तिला चिरंजीव माणसांची गरज नाही; वेळेवर येणाऱ्या तरुण सभासदांची आहे.