दोनदा निसटलेली अमिनाता

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



मित्रमैत्रिणींनो, संयोजकांनी मला एखाद्या आवडत्या पुस्तकावर बोलायला सांगितलं होतं. मी अशी कादंबरी निवडली आहे, जी मला आवडली आणि जिने मला अडचणीतही आणलं. कॅनडातले लेखक लॉरेन्स हिल यांची ‘द बुक ऑफ निग्रोज’. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकातला शब्द आज अपमानाचा मानला जातो, म्हणून अमेरिकेत ती वेगळ्या नावाने छापली गेली. पण हे नाव लेखकाने मनाने ठेवलेलं नाही. १७८३ साली न्यूयॉर्कमध्ये तयार झालेल्या एका खऱ्याखुऱ्या सरकारी नोंदवहीचं ते नाव आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कादंबरीची नायिका अमिनाता डायलो. पश्चिम आफ्रिकेतल्या बायो नावाच्या गावात तिचा जन्म होतो. वडील सोनारकाम करणारे, घरात कुराण बाळगणारे. ते मुलीला नमाज शिकवतात आणि थोडी अक्षरंही गिरवायला लावतात. आई सुईण. आईच्या मागे फिरत फिरत ही मुलगी बाळंतपणं करायला शिकते. अकरा वर्षांची असताना माणसं पकडणारी टोळी तिला उचलते. आईवडील डोळ्यांसमोर मारले जातात. मग साखळदंडात बांधलेल्या माणसांबरोबर महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनारा, तिथून जहाज, आणि जहाजातून अमेरिकेतली साउथ कॅरोलायना. तिथे निळीच्या मळ्यावर ती राबते. तिथला मुकादम, तोही गुलामच, तिला चोरून इंग्रजी वाचायला शिकवतो. त्याचं नाव मामेद, म्हणजे आपला मोहम्मद. पण नमाज पढताना सापडलीस तर मार खाशील, हेही तिला तिथेच समजतं. तिचं तान्हं मूल मालक विकून टाकतो.

हे काही लेखकाच्या कल्पनेतलं नाही. अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांत मुसलमान बरेच होते. उमर इब्न सईद हे त्यांतले एक शिकलेले गृहस्थ. १८०७ साली त्यांना पकडून अमेरिकेत नेलं. ते मालकाकडून पळाले, पकडले गेले, तुरुंगात पडले आणि तिथल्या भिंतींवर त्यांनी कोळशाने अरबीत लिहिलं. १८३१ साली त्यांनी अरबीतच आपलं छोटं आत्मचरित्र लिहिलं. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात आहे. आपल्यापैकी किती जणांनी शाळेत हे नाव ऐकलं? मी तरी नव्हतं ऐकलं.

अमिनाता पहिल्यांदा निसटते ती न्यूयॉर्कमध्ये, १७७५ साली. अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांविरुद्ध उठल्या आहेत, शहरात गोंधळ माजला आहे. त्या गोंधळात ती मालकापासून पळते. पुढे इंग्रज जाहीर करतात की, बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूला येतील त्यांना आम्ही स्वातंत्र्य देऊ. हजारो माणसं आली. युद्ध इंग्रज हरले. तहात कलम होतं की जाताना अमेरिकनांची मालमत्ता न्यायची नाही, आणि त्या मालमत्तेत गुलाम धरलेले होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८३च्या मे महिन्यात इंग्रज सरसेनापती गाय कार्लटन यांच्याकडे हाच आग्रह धरला. कार्लटन म्हणाले की या लोकांना आम्ही शब्द दिला आहे. हवं तर नोंद ठेवतो, भरपाईचं नंतर पाहू.

ती नोंद म्हणजे ‘बुक ऑफ निग्रोज’. सुमारे ३,००० माणसं. नाव, वय, दिसायला कसा, मालक कोण होता, पळून किती वर्षं झाली, कोणत्या जहाजाने चालला. हातात इंग्रज सेनाधिकाऱ्याचा दाखला असेल तर जहाज, नसेल तर परत मालकाकडे. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक माणूस आहे. वय ४३. मालक, जनरल वॉशिंग्टन. स्वातंत्र्ययुद्धाचे सरसेनापती, पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष, त्यांच्याच घरून पळालेला गुलाम! आणि त्याच जहाजांवर, त्याच वहीत, इंग्रजांशी इमान राखलेल्या गोऱ्यांचे गुलामही होते. ते मात्र गुलाम म्हणूनच गेले. कारण बंडखोराचा गुलाम मोकळा, पण आपल्या माणसाचा गुलाम ही त्याची मालमत्ता. एकाच पानावर दोन न्याय.

कादंबरीत ही नावं लिहून घेणाऱ्यांत अमिनाता आहे. ओळीत उभ्या माणसाला ती त्याच्या भाषेत विचारते आणि त्याचं नाव नीट लिहिते. आपल्या घरी आजोबांच्या दाखल्यावर ‘शेख’चं स्पेलिंग वेगळं आणि वडिलांच्या आधारवर वेगळं असतं. त्यामुळे कागदासाठी रांगेत उभं राहण्याची धाकधूक तुम्हाला मी वेगळी समजावून सांगायला नको.

ही माणसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात गेली. तिथे ठरलेली जमीन मिळाली नाही, मिळाली ती थंडी आणि दंगल. १७९२ साली त्यांतले जवळजवळ १,२०० लोक पंधरा जहाजांतून आफ्रिकेत परतले आणि त्यांनी सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊन वसवलं. हॅरी वॉशिंग्टनही त्यांत होता. पुढे १८०० साली तिथल्या कंपनीने लादलेल्या जमीनपट्टीविरुद्ध लोक उठले, तेव्हा तोही त्यांच्यात होता आणि हद्दपार झाला.

इथपर्यंत वाचताना मी अमिनाताच्या बाजूने होतो आणि मला ते फार सोपं जात होतं. गोरे मालक, आपली मुलगी. अडचण इथून पुढे आहे.

फ्रीटाऊनला आलेल्या अमिनाताला आता बायोला, आपल्या गावी जायचं आहे. वाट माहीत असलेला एक व्यापारी भेटतो. अलासान. तो तिच्या वडिलांच्याच फुला जमातीचा, त्यांच्याच धर्माचा. ती त्याला मोबदला देते आणि त्याच्या काफिल्याबरोबर निघते. वाटेत एके रात्री तो आणि त्याची माणसं आपसात बोलत असतात. हिला आपली भाषा कळते, हे त्यांच्या गावीही नाही. ती ऐकते: ते तिला पुन्हा विकणार आहेत.

ती अंधारात उठते आणि पळते. दुसऱ्यांदा. आयुष्यभर ज्या घराच्या आठवणीवर ती जगली, त्या घराच्या वाटेवरून तिला पळावं लागतं.

खरं सांगतो, हे प्रकरण वाचून मी पुस्तक बंद केलं. मनात आलं, हे लेखकाने कशाला घातलं? आधीच आपल्याबद्दल काय काय बोललं जातं, त्यात ही भर कशाला? मग मला माझाच राग आला, कारण हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते मी कुठे ऐकलंय ते शेवटी सांगतो.

आधी इतिहास तपासू. अयुबा सुलेमान डायलो नावाचे एक तरुण होते, आजच्या सेनेगलमधले, धर्मगुरूंच्या घरातले. १७३० साली वडिलांनी त्यांना गॅम्बिया नदीकडे पाठवलं, दोन गुलाम विकायला आणि कागद विकत आणायला. गुलाम विकून परतताना त्यांनाच लुटारूंनी पकडलं आणि इंग्रज जहाजावर विकलं. ते अमेरिकेत तंबाखूच्या मळ्यावर पोचले, पळाले, तुरुंगात गेले. वडिलांना त्यांनी अरबीत पत्र लिहिलं, ते लंडनला पोचलं आणि त्या पत्रामुळे ते सुटले. लंडनमध्ये त्यांनी आठवणीतून संपूर्ण कुराण लिहून काढलं. १७३४ साली ते मायदेशी परतले. या माणसाचं दुःख खरं आहे, त्याची विद्वत्ता खरी आहे. आणि ती दोन माणसंही खरी आहेत, जी त्याने विकली. त्यांची नावं आपल्याला कुठेच सापडत नाहीत.

आपण हजरत बिलाल यांचं नाव अभिमानाने घेतो. गुलाम मुक्त करणं हे कुराणाने मोठं पुण्य मानलं, जकातीत त्यासाठी वाटा ठेवला, हेही आपण सांगतो. ते सांगितलंच पाहिजे. पण मग पुढचंही सांगू. ट्युनिसच्या शासकाने गुलामगिरी बंद केली १८४६ साली, अमेरिकेच्या १९ वर्षं आधी. सौदी अरेबियात ती बंद झाली १९६२ साली. मॉरिटानियात १९८१ साली. पुण्य सांगितलेलं होतं, तरी ही प्रथा शतकानुशतकं चालली.

आपल्या मातीतलं उदाहरण मलिक अंबर. खडकी वसवणारा, शहराला नहरीचं पाणी देणारा, मुघलांना जेरीस आणणारा. त्याच्यावर आपण भाषणं करतो आणि ‘गुलाम होता तरी वजीर झाला’ म्हणतो. पण इथिओपियातल्या त्या पोराला बाजारातून बाजारात कुणी विकलं, हा प्रश्न आपण विचारत नाही. विचारला तर अंबर लहान होत नाही. उलट तो किती लांबून चालत आला हे कळतं.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. दूरच्या देशातली गुलामी पाहून ते हळहळून थांबले नाहीत. त्या आरशात त्यांनी आपल्या समाजाकडे पाहिलं. दुसऱ्याची गुलामी वाचायची ती अशी.

आता ते ओळखीचं वाक्य. आपल्या केंद्रावर एक बाई आली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पदरात दोन मुलं. मोहल्ल्यातली जाणती माणसं तिला सांगत होती, ‘बेटी, अभी वक्त ठीक नहीं है. बाहर बात गई तो लोग हँसेंगे, कौम बदनाम होगी.’ ही माणसं दुष्ट नव्हती. बाहेरची भीती त्यांनी उगाच काढलेली नव्हती, ती मलाही आहे. पण त्या भीतीची किंमत कोण भरत होतं? ती बाई आणि तिची मुलं. अलासानचं प्रकरण नको म्हणताना मीही तेच म्हणत होतो.

कादंबरीच्या शेवटी, १८०२ साली, म्हातारी अमिनाता लंडनमध्ये आहे. गुलामांचा व्यापार बंद करू पाहणारे भले गोरे लोक तिला म्हणतात की तुझी कहाणी आम्ही लिहितो. आधी व्यापार बंद करू, गुलामगिरीचं पुढे बघू, असं त्यांचं धोरण. ती नकार देते. माझी कहाणी मीच लिहीन म्हणते, आणि सगळी लिहिते. गोऱ्या मालकाचीही, अलासानचीही. शत्रूला सोयीची म्हणून तिने एक गोष्ट गाळली नाही, आणि मित्रांना गैरसोयीची म्हणून दुसरी गाळली नाही.

पहिलं प्रकरण सांगायला आपल्याला बाहेर धैर्य लागतं. घराला भाडं न देणारा मालक, नाव पाहून बाजूला पडणारा अर्ज, त्याविरुद्ध संविधान हातात घेऊन बोलायचं. दुसरं प्रकरण सांगायला घरात धैर्य लागतं. ज्यांच्या बाजूला बसून आपण जेवतो त्यांच्यासमोर ते सांगायचं असतं. फक्त पहिलं सांगणारा आपल्याच बाईला एकटं सोडतो. फक्त दुसरं सांगणाऱ्याचा उपयोग दुसरेच कुणी करून घेतात. आपल्या चळवळीने दोन्ही सांगायचं ठरवलं आहे, म्हणून दोन्हीकडून शिव्या खायची सवय ठेवा.

त्या बाईची केस अजून न्यायालयात आहे. गेल्या तारखेला तिने मला तिच्या अर्जाची प्रत दाखवली. आधीच्या अर्जात तिचं नाव चुकीचं छापलेलं होतं. यावेळी तिने ते स्वतः तपासून दुरुस्त करून घेतलं होतं.

पुस्तक वाचा. अलासानचं प्रकरण आलं की पान उलटू नका, एवढंच सांगायला उभा राहिलो होतो.