डायलिसिसचे दोन मार्ग आणि दानाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने जैन परंपरेने श्रावकाला सांगितली आहेत. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या विशेषतेनुसार दानाचे फळ बदलते, असे तत्त्वार्थसूत्राचे सांगणे आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांसाठी समाज सढळ हाताने देणगी देतो. मात्र डायलिसिस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रुग्णालयातील यंत्रच उभे राहते. वस्तुतः मार्ग दोन आहेत आणि दोहोंचे पात्र निराळे आहे.

पहिला मार्ग हिमोडायलिसिसचा. १९४३ साली जर्मनव्याप्त हॉलंडमधील कांपेन येथे डॉ. विलेम कॉल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनविले. १९६० साली सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. आज हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडतात. त्यास फिस्टुला म्हणतात. तेथून रक्त बाहेर घेऊन, गाळणीतून शुद्ध करून शरीरात परत सोडतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास हा सर्वमान्य क्रम होय. खर्चापायी अनेक रुग्ण दोनदाच येतात. एका वेळेस सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. येथे जबाबदारी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची असते, हा मोठा आधार. परंतु दोन-तीन दिवसांचे साठलेले पाणी चार तासांत काढल्याने रक्तदाब उतरतो व थकवा येतो. मधल्या दिवसांत पाण्यावर कडक बंधन राहते.

दुसरा मार्ग पेरिटोनियल डायलिसिसचा. यात पोटाच्या आतील नैसर्गिक आवरणच गाळणीचे काम करते. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून सुमारे दोन लिटर ग्लुकोजयुक्त द्रव सोडतात, चार ते सहा तासांनी तो काढून नवी पिशवी लावतात. दिवसातून तीन-चार वेळा, दर खेपेस साधारण अर्धा तास लागतो. यंत्र नको, वीज नको. काम घरीच होते. शुद्धीकरण संथ व अखंड चालत असल्याने हृदयावर ताण कमी पडतो आणि उरलेली लघवी अधिक काळ टिकते. मात्र येथे सुटीचा दिवस नाही. स्वच्छतेत चूक झाल्यास पोटात जंतुसंसर्ग होतो. काढलेला द्रव गढूळ दिसला वा पोट दुखले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. द्रवातील साखर शरीरात शोषली जाते, म्हणून मधुमेहींनी दक्ष राहावे.

मग श्रेष्ठ कोणता? आयुर्मानाच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आढळत नाही. निवड ठरते ती रुग्णाच्या घरावरून. केंद्रापासून दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याला आठवड्यातून तीनदा एसटीचा प्रवास, शिवाय सोबत्याची बुडणारी मजुरी. त्याला पिशवीचा मार्ग तारक ठरू शकतो. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या वृद्धेला केंद्रच सुरक्षित. हाँगकाँगमध्ये १९८५ पासून पेरिटोनियल मार्गाला प्रथम पसंती दिली गेली. भारतात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. २०१९ साली पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या.

आहाराविषयी दोन शब्द. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करावी लागतात, सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात. जुनेच पथ्य चालू ठेवल्याने शाकाहारी रुग्ण खंगतात. डाळी, दूध, पनीर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. शहाळ्याचे पाणी आणि सुका मेवा यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. पर्युषणात उपवासाच्या नावाखाली डायलिसिस चुकवू नये. सोळाकारण भावनांत तपाआधी 'शक्तीनुसार' हा शब्द आहे, याचे स्मरण ठेवावे.

आता दात्यांविषयी. यंत्रावर नावाची पाटी लागते. पिशवी वापरून फेकली जाते, तिच्यावर कोणाचे नाव लागत नाही. म्हणून यंत्राला देणगीदार मिळतो, पिशवीला मिळत नाही. परंतु तंत्रज्ञ, गाळण्या आणि जलशुद्धीकरणाची निगा यांची तरतूद नसेल तर यंत्रही धूळ खात पडते. व्यापारात भांडवल आणि खेळता पैसा यांचा मेळ घातल्याशिवाय पेढी चालत नाही. सेवाकार्याचेही तसेच आहे. घरी पोचणाऱ्या पिशव्या, शिकविणारी परिचारिका, गरिबाची चुकणारी तिसरी खेप आणि त्याचे प्रवासभाडे, यांसाठी कायम निधी उभारणे हेही तितकेच मोठे औषधदान होय.

दोन्ही मार्ग रोग बरा करीत नाहीत, जीवन सांभाळतात. शक्य तेथे प्रत्यारोपणाचा विचार व्हावाच. तोवर देणगी जाहीर करण्यापूर्वी रुग्णाला विचारावे, "तुम्हाला काय झेपेल?" या एका प्रश्नाने द्रव्य योग्य पात्री पडेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या सेवाकार्याला अशी विवेकाची जोड मिळो, हीच मंगल कामना.

जय जिनेंद्र.