जुन्या गाडीचे बुश : रबराचे की पॉलियुरेथेनचे?



माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांकडे जुनी पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ सालापासून जी फियाट तयार होऊ लागली, तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या टॅक्सीतून ही गाडी २०२३ साली निवृत्त झाली, पण गावोगावी काहींनी ती जिवापाड जपलेली आहे. मास्तरांच्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की 'खट्‌' असा आवाज येई. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, कमानीचे बुश गेलेत," आणि दोन पुड्या पुढे ठेवल्या. एकीत काळे रबरी बुश, दुसरीत लालभडक पॉलियुरेथेनचे. "लाल घ्या, जन्मभर बघायला नको!"

आता बुश म्हणजे काय, ते आधी पाहू. कमानीचे टोक गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टाने जोडतात, तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये बसवलेली ही उशी. चांगल्या रबरी बुशात आत एक नळी, बाहेर एक नळी आणि दोहोंना चिकटवलेले रबर असते. चाक वरखाली झाले की हे रबर घसरत नाही, ते पिळले जाते आणि परत सरळ होते. म्हणून त्याला वंगण नको. उलट तेल हा त्याचा वैरीच! गुरुजनांनी वर्गात एक साधा रबरबँड दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवून मुलांना दाखवावा. तो फुगून लिबलिबीत होतो. इंजिनाचे तेल गळत राहिले तर बुशाचेही तेच होते.

पॉलियुरेथेनची रीत निराळी. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ शोधून काढला. तो रबरापेक्षा कठीण असतो आणि तेलाला दाद देत नाही. पण त्याचा बुश पिळला जात नाही, तो मधल्या नळीभोवती फिरतो. म्हणजे आपल्या बैलगाडीच्या आसासारखेच झाले की! वंगण आटले की कुरकूर सुरू. आणि ते वंगणही सिलिकोनचे, खास त्यासाठीचे लागते.

बरे, खरी मेख पुढेच आहे. गाडी वळणावर कलते तेव्हा कमानीचे टोक नुसते फिरत नाही, थोडे तिरकेही होते. रबर तो तिरकेपणा पोटात घेते. कठीण बुश घेत नाही. मग तो ताण जातो कुठे? बोल्टावर आणि सांगाड्याच्या पत्र्यावर. नव्या गाडीला ते सोसेल. कोकणातल्या पावसात चाळीस वर्षे गंजलेला पत्रा मात्र तिथे चिरतो, आणि पत्रा चिरला की बुशाची किंमत विसरा. शिवाय खडीच्या रस्त्याचा प्रत्येक दणका माणसांच्या पाठीपर्यंत पोचतो, तो वेगळाच.

म्हणून माझे मत असे. जिथे सांधा एकाच दिशेने फिरतो, उदाहरणार्थ कमानीच्या मागच्या टोकाचे शॅकल, किंवा जिथे तेलाची गळती थांबवता येत नाही, तिथे पॉलियुरेथेन खुशाल वापरा. कमानीच्या पुढच्या डोळ्यात मात्र रबरच बरे. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला काळा, असे कधीही करू नका. दोन्ही चाके सारखी वागली पाहिजेत. शर्यतीची गाडी असेल तर हिशेब वेगळा, पण आपल्याला बाजाराला जायचे आहे.

रबर घेताना ते ताजे आहे का, तेवढे पाहा. दुकानात वीस वर्षे पडलेला 'ओरिजिनल' बुश पुडीतच म्हातारा झालेला असतो. नखाने दाबून बघावा, बारीक भेगा दिसल्या तर परत करावा.

आणि एक चूक बरेच मिस्त्री करतात. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच ते बोल्ट आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चारी चाकांवर उभी करा, दोनचार वेळा दाबून हलवा, मग आवळा.

मास्तरांनी पुढच्या टोकाला काळे बुश घेतले, शॅकलला लाल. बोल्ट आवळताना ते स्वतः गाडीखाली कंदील धरून बसले होते. खट्‌ आवाज गेला. शॅकलची कुरकूर पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाली, तेव्हा वंगणाची नळी त्यांच्या डिकीत होतीच.