रिकाम्या कार्ट्रिजचें वेष्टन

पुष्कळ श्रोत्यांच्या घरीं वा कचेरींत लेसर मुद्रणयंत्र असेल. त्याचें नवें कार्ट्रिज आलें म्हणजे खोकें आणि आंतील काळी पिशवी प्रथम केरांत जातात. वास्तविक त्या वेष्टनाचें काम तेव्हां निम्मेंच झालेलें असतें.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथें चेस्टर कार्लसन व ओटो कॉर्नेई यांनीं विद्युद्भार आणि कोरडी भुकटी यांच्या साहाय्यानें पहिलीं अक्षरें कागदावर उमटविलीं. आजचें यंत्रही त्याच तत्त्वावर चालतें. टोनर म्हणजे बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असे प्लॅस्टिकचे रंगीत कण होत. अनेक कार्ट्रिजांत प्रकाशसंवेदी ड्रमही आंतच असतो. त्याला उजेड सोसत नाहीं, म्हणून काळी पिशवी. ओरखडा सोसत नाहीं, म्हणून झाकण. आणि धक्का पोंचूं नये, म्हणून कागदी लगद्याचे सांचे किंवा हवेच्या पिशव्या.

रिकामें कार्ट्रिज परत धाडतांना मात्र तें उघडेंच टाकलें जातें. भुकटी अडविणारी पट्टी आतां उरलेली नसते, आणि आंत थोडी भुकटी शिल्लक असतेच. धक्क्यानें ती बाहेर पडून हाताळणाऱ्याच्या श्वासांत जाते. ड्रम खरवडला किंवा कवच तडकलें, कीं पुन्हां उपयोगीं पडणारी वस्तु केवळ भंगार ठरते.

यास्तव नवें कार्ट्रिज ज्या पिशवींतून व खोक्यांतून आलें, त्यांतच जुनें घालावें, पिशवीचें तोंड चिकटवावें आणि मगच तें रवाना करावें. पुनर्वापराचा आरंभ कारखान्यांत नव्हे, तर पाठविणाऱ्याच्या मेजावर होतो.