हृदयातील ठिणगी



वर्गातील एखाद्या मुलाचे केस जन्मापासून लोकरीसारखे गुंतलेले आणि तळहात जाड, खरखरीत असले, तर आम्ही शिक्षक फार तर नीटनेटकेपणाचा उपदेश करतो. ग्रीसमधील नॅक्सोस बेटावर डॉक्टर निकोस प्रोटोनोटारिओस आणि त्यांचे सहकारी यांनी मात्र १९८६ साली या खुणांचा एका आनुवंशिक हृदयरोगाशी असलेला संबंध दाखवून दिला.

हृदयाच्या स्नायुपेशी सूक्ष्म सांध्यांनी एकमेकींस जखडलेल्या असतात; त्वचेच्याही तशाच. म्हणूनच एका दोषाची खूण केसांत, तळहातावर आणि हृदयात उमटते. हा दोष प्लेकोग्लोबिन नावाच्या सांध्यातील प्रथिनाच्या जनुकात असल्याचे २००० साली आढळले. तो आईबाप दोघांकडून आला तरच हा रोग होतो. ते स्वतः बहुधा धडधाकट असतात. कच्च्या चुन्याची भिंत पावसात ढासळावी, तसे हे हृदय रोजच्या ताणाने सैल होते. मेलेल्या पेशींच्या जागी चरबी आणि तंतू भरतात, ठोक्यांची लय बिघडते आणि मैदानावर धावणारा मुलगा एकाएकी कोसळतो.

अशा रोगाने दगावलेल्यांच्या हृदयात दाहाच्या पेशी पुष्कळदा आढळत. ती विझलेल्या आगीची राख, की आग लावणारी ठिणगी? २०१९ साली सांध्यांत असाच दोष असलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. एका रासायनिक द्रव्याने दाहाची मुख्य कळ बंद करताच हृदयाची हानी कमी झाली. राख असती तर असे घडते ना!

येथे प्रतिपिंडांचा विचार येतो. सारी प्रतिकारशक्ती न दडपता दाहाचा एखादाच निरोप अडवणारी ही औषधे. डेस्मोप्लाकिन या दुसऱ्या सांध्यातील प्रथिनात दोष असलेल्या काही रुग्णांची त्वचा उस्टेकिनुमॅब या प्रतिपिंडाने सुधारल्याची नोंद २०१८ साली झाली. त्वचा शमते, मग हृदय का नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण वाटणे म्हणजे सिद्धता नव्हे. २०१७ साली झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅबने पुढचे झटके घटले, तसे प्राणघातक जंतुसंसर्ग वाढलेही. शिवाय तो विकार रक्तवाहिन्यांचा, स्नायूंचा नव्हे. आणि जनुकातला दोष कोणतेही प्रतिपिंड पुसू शकत नाही.

आज हाती आहे ते साधेच: भावंडांचीही तपासणी, लय सावरणारी औषधे, गरज पडल्यास छातीत बसवायचे विजेचा झटका देणारे यंत्र, आणि दमछाक करणाऱ्या खेळांना मनाई. पंधरा वर्षांच्या मुलाला मैदान सोडायला सांगण्याचे काम मात्र बहुधा घरच्यांवर आणि आम्हा शिक्षकांवर येऊन पडते.